पेडगावकडच्या वाडीवर, करार घेऊन

परभणीहून आल्यापासून भेटेल तो विचारतो, "तिथं बघण्यासारखं काय आहे हो?" मी सांगते, ज्वारी बघितली, धरण बघितलं, मेंढरं बघितली. मग विचारणारा घड्याळाकडे बघतो. खरं तर मी काही बघायला गेलेच नव्हते. मी सही आणायला गेले होते.

आमच्या विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात मी शिकवते. बी.एड.च्या मुलामुलींनी काही महिने खऱ्या शाळेत शिकवायचं असतं. कागदोपत्री त्याला आंतरवासिता म्हणतात, मुलं इंटर्नशिप म्हणतात. शहरातल्या शाळांत हे प्रकरण अगदी गुळमुळीत झालं होतं. मुलांनी पाठ घ्यायचा, आम्ही मागच्या बाकावर बसून गुण द्यायचे, मग सगळ्यांनी चहा प्यायचा. म्हणून विभागानं परभणी जिल्ह्यातल्या काही लहान शाळांशी करार केला. आमची मुलं तिथं जाऊन राहतील, शिकवतील आणि तिथले शिक्षक त्यांना हाताशी धरतील. यंदा पहिल्याच वर्षी गेलेल्यांत अश्विनी होती. पेडगावजवळच्या एका वाडीवर ती राहिली आणि परत आली ती निम्मा जीव तिथंच ठेवून.

आता करार पुढं चालू ठेवायचा तर शाळांच्या सह्या हव्या होत्या. बाकीच्या आल्या. या वाडीच्या मुख्याध्यापकांची येईना आणि ते फोनही उचलेनात. विभागप्रमुख म्हणाले, "तुम्हीच जाऊन या. ही शाळा मागं फिरली तर बाकीच्याही फिरतील." निघताना अश्विनी घरी आली. "मॅडम, गंगूला भेटा हं. तिसरीत आहे, मेंढपाळाची मुलगी. ती वाचायला लागलीय," एवढंच म्हणाली आणि लाजल्यासारखी हसली. पहिली मुलगी आपल्या हाताखाली वाचायला लागते तेव्हा कसं वाटतं हे मला माहीत आहे, म्हणून मीही हसले.

पूर्णा

माझा पहिला पराक्रम असा, की परभणीला उतरायचं असताना मी परभणी झोपेत मागं टाकली. जाग आली ती पूर्णा जंक्शनवर. थंडी म्हणजे अशी की दात वाजत होते. पेरूची पाटी घेऊन बाकावर बसलेल्या एका बाईंना मी परतीच्या गाडीचं विचारलं.

"कुठं जायचं व्हतं तुमाला?"

"परभणीला."

"मंग पुढं कामून आलात?"

"झोप लागली."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकट्याच हायत का? मंग बरं झालं. कुनी रागवायला तर न्हाई." मग पाटी सरकवून मला शेजारी जागा करून दिली आणि एक पेरू फोडून हातात ठेवला. पैसे देऊ लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, गाडी येऊस्तोवर बसा गुमान." आमच्या सांगलीकडची माणसंही प्रेमळ म्हणायची, पण आधी चौकशी करून, गाव-आडनाव काढून, मग प्रेम. इथं पेरू आधी आला.

परतीच्या गाडीनं परभणी गाठली. स्टेशनबाहेर मुख्याध्यापक सोनटक्के सर मोटारसायकल घेऊन उभे होते. मी येतेय हे त्यांना अश्विनीनं कळवलं होतं. तिचा फोन ते उचलत होते म्हणजे! मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, "सर, आमचा फोन नाही उचलत तुम्ही?"

पन्नाशीचा, सडसडीत माणूस. कानाला मफलर. ते शांतपणे म्हणाले, "उचलला असता तर खोटं बोलावं लागलं असतं मॅडम. म्हणून उचलला न्हाई." आणि माझी पिशवी टाकीवर ठेवून त्यांनी गाडीला किक मारली.

वाडी

सरांचं घर परभणीतच आहे. त्यांच्या घरी वहिनींनी येसरची आमटी आणि ज्वारीच्या गरम भाकरी वाढल्या. भाकरी आम्हालाही नवी नाही, पण येसर मी पहिल्यांदाच खाल्लं. भाजलेल्या धान्याचा आणि मसाल्याचा तो वास अजून माझ्या शालीला आहे असं मला वाटतं. जेवताना सर करारावर एक शब्द बोलले नाहीत. दोनदा मी विषय काढला. दोनदा वहिनींनी भाकरी वाढली.

शाळा बघितली ती शनिवारी सकाळी. पेडगावपासून आत, दोन्ही बाजूंनी उभी ज्वारी, मधून बैलगाडीची चाकोरी, आणि टोकाला दोन खोल्यांची शाळा. शिक्षकांच्या जागा दोन, त्यातली एक कधीपासूनची रिकामी. म्हणजे चार वर्ग आणि सोनटक्के सर एकटे. एका खोलीत चारही वर्ग चार भिंतींकडे तोंड करून बसले होते आणि सर मधोमध उभे राहून गोल फिरत होते. पहिलीला बाराखडी, चौथीला भागाकार, तोवर दुसरीत मारामारी. दुसरी खोली बंद होती. कडी काढून त्यांनी ती मला दाखवली. भिंतीवर अश्विनीच्या हातचे तक्ते होते. फळ्यावर एका बाजूला तारीख तशीच राहिली होती, ती शेवटच्या दिवशी घातलेली.

"पुसली न्हाई का?" मी विचारलं. त्यांच्यासारखं बोलायला लागले होते मी.

"पोरं पुसू देत न्हाईत," सर म्हणाले.

मग शाळा सुटल्यावर पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं, आणि मला ते ऐकावं लागलं.

झालं होतं ते असं. मूळ ठरल्याप्रमाणे आमच्या मुली दोन टप्प्यांत शाळेत राहणार होत्या. एक टप्पा नाताळपर्यंत आणि दुसरा संक्रांतीनंतर थेट वार्षिक परीक्षेपर्यंत. मध्येच विद्यापीठानं परीक्षा अलीकडे ओढल्या. तेव्हा विभागानं बैठक घेऊन दुसरा टप्पा रद्दच केला, पहिल्यातच काम उरकलं असं धरलं आणि मुलींना लगेच परत बोलावलं. परिपत्रक निघालं, मुलींना मिळालं, विभागाच्या फलकावर लागलं. शाळेला कळवायचं मात्र कुणाला सुचलंच नाही. कुणी मुद्दाम केलं नाही. आमच्या लेखी शाळा म्हणजे मुली पाठवायची जागा. जागेला कोण पत्र लिहितो? त्या बैठकीत मीही होते. कचोरी बरी होती एवढंच मला आठवतंय.

"तुमचं चालतं मॅडम," सर म्हणाले. "पन हितं मेंढरावाल्याची वस्ती हाय. दिवाळी झाली की माणसं मेंढरं घिऊन निघत्यात, ती पाऊसपाण्याला परत. लेकरं संगंच. दरसाल निम्मा वर्ग जातो. तुमची अश्विनी वस्तीवर गेली आन् गंगूच्या बापाला, किसनदादाला म्हनली, या साली हिला ठिवा, मी हाय परीक्षेपातूर. पोरगी हुशार हाय. किसनदादा बाईकडं बघतच नव्हता, माझ्याकडं बघायला व्हता. मी मान हलवली. त्यानं माझ्या मानेवर लेकरू ठिवलं आन् गेला. आन् पंधरवड्यात बाई गेली. रडत गेली बिचारी, तिचा काय दोष?"

"मग गंगू आता?"

"चला," ते म्हणाले.

गंगू

वस्ती शाळेपासून हाकेच्या अंतरावर. गंगूला तिच्या चुलतीकडे ठेवलं होतं. चुलती बाळंत झालेली, मूल अंगावर पितं, घरात दुसरं कुणी नाही. त्यामुळे पाणी, शेळ्या, झाडलोट गंगूकडे आली होती. कुणी तिला छळत होतं असं नाही. चुलती मला म्हणाली, "शाळा असती तर धाडलीच असती की. बाईच न्हाई तर तिथं बसून काय करायचं तिनं?" आधी दोन-चार दिवस गंगू गेली होती. तिसरीच्या भिंतीकडे तोंड करून बसली आणि मग यायची बंद झाली. सर दोनदा बोलवायला आले होते.

आठ-नऊ वर्षांची, बारीक, केस तेलाविना भुरे झालेले. माझ्याकडे रोखून बघत तिनं विचारलं, "तुमी बाईच्या बाई हायत का?"

"हो."

"मंग तुमीच बोलवून घेतलं का तिला परत?"

मी आयुष्यभर मुलांना प्रश्न कसे विचारावेत हे शिकवत आले. इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं. तिनं मान डोलावली, जसं काही तिला तेवढंच माहीत करून घ्यायचं होतं, आणि शेळीला ओढत खुंट्याकडे गेली.

तेवढ्यात चुलतीचा फोन वाजला. गंगूच्या आईचा होता. शनिवारी दुपारी ती फोन करते. गंगूनं फोन कानाला लावला, आमच्याकडे पाठ केली आणि बोलायला लागली. "व्हय माय. गेलते शाळेत. बाईनी नवा धडा घेतलाय. व्हय, वाचला मी. न्हाई, समदा न्हाई, निम्मा. बाई बरी हाय." एकेक वाक्य अगदी ठरवून, न अडखळता. फोन ठेवून ती परत शेळीशी बोलायला लागली.

मी सरांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते. परतताना म्हणाले, "पयल्या शनिवारी मी हितंच व्हतो. म्हनलं सांगावं खरं काय ते. पोरगी माझा हात धरून म्हनली, सर, सांगू नका, माय रडंल. मंग मी गप बसलो. मास्तर मानूस मी, आन् लेकराच्या खोट्याला साथ दिली."

मी विचारलं, "म्हणून सही करत नाही तुम्ही?"

"माझी सही मागूच नका मॅडम. उद्या इतवार हाय. येलदरीकडं किसनदादाची मेंढरं बसलीत. त्याच्याम्होरं उभं ऱ्हाऊन मागा. तो व्हय म्हनला तर मी डोळे झाकून करतो."

येलदरी

परभणीहून झरी, बोरी, जिंतूर असं करत आम्ही मोटारसायकलवरून येलदरीला गेलो. कमरेचा पार चुरा झाला. पण धरणाचं पाणी दिसलं आणि क्षणभर सगळं विसरले. पूर्णेचं निळं, पसरट, संथ पाणी. कडेला मासे पकडणाऱ्यांची जाळी वाळत होती. कोळ्यांच्या बायकांनी ताजे मासे मांडले होते. चांगला दिवस असता तर मी तिथं तासभर बसले असते.

किसनदादाचा मुक्काम पाण्यापासून आत, सोयाबीन निघालेल्या एका वावरात होता. मेंढरं शेतात बसवायची, त्यांच्या लेंडीमुताचं खत शेतकऱ्याला मिळतं, बदल्यात तो धान्य देतो. आमच्या सांगलीकडून मेंढरं दिवाळीनंतर कोकणात उतरतात. लहानपणी दारावरून जाणारे ते कळप मी किती हौसेनं बघितलेत, घोड्यावर बांधलेली कोंबडी, कोकरू, तान्हं मूल. त्या मुलांची शाळा कुठं असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि मी शिक्षणशास्त्र शिकवते.

गंगूची आई सुमन तीन दगडांच्या चुलीपुढं होती. सरांना बघून तिचं तोंड असं उजळलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. तिनं मेंढीच्या दुधाचा चहा केला, दाट, थोडा खारट लागणारा. सर म्हणाले, या अश्विनीबाईच्या मॅडम. झालं. तिनं माझे पाय धरले. मी मागं सरकले तरी धरले.

"तुमची बाई लय गुनाची," ती म्हणाली. "कालच फोनवर सांगायली व्हती पोरगी, नवा धडा चालू हाय म्हनून. आमच्या सात पिढ्यांत कुनी धडा वाचला न्हाई."

किसनदादा कळपाजवळून आला, काठी मानेमागं आडवी घेऊन उभा राहिला. सर मोटारसायकलपाशी गेले आणि उगाच साखळी तपासू लागले. म्हणजे सांगायचं मला होतं.

मी सांगितलं. कुठल्या शब्दांत ते आता आठवत नाही. परिपत्रक, परीक्षा, वेळापत्रक असले शब्द तोंडात येत होते आणि त्या वावरात ते अगदी भिकार वाटत होते. बाई दिवाळीनंतर लगेच गेली. ती परत येणार नाही. गंगू शाळेत जात नाही. फोनवर सांगते ते खरं नाही. एवढं बाहेर पडलं.

सुमननं हातातलं पीठ परातीत झाडलं. मग पदर डोळ्याला लावला. किसनदादा चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "मंग ते लेकरू तितं कशापाई हाय?"

मी म्हटलं, सर आहेत, नाव पटावर आहे, वार्षिक परीक्षेपर्यंत कळ काढा. मीच माझ्या बोलण्यानं ओशाळले. तो ऐकून घेत होता.

"तुमच्यातलं कुनी हाय का तितं तिच्यासंगं?"

"नाही."

"तिची माय हितं, बाप हितं. सांच्याला रोज तिची माय तिच्या नावानं रडायली, मीच म्हनायचो, शिकायलंय लेकरू, रडू नको." त्यानं काठी खाली घेतली. "परवा आमी हितून हालनार. मेंढरं सोडून मला येता येत न्हाई. धाडून द्या तिला."

करार माझ्या पिशवीतच होता. मी तो काढला नाही. सर सोमवारी शाळा सोडू शकत नव्हते. म्हणून मी म्हटलं, "मी आणते तिला."

एसटीत

सोमवारी सकाळी गंगूचं बोचकं घेऊन मी तिला परभणीच्या स्टँडवर आणलं. दोन फ्रॉक, एक चादर, पाटी. निघताना सर वस्तीवर निरोप द्यायला आले होते. "पटावरून नाव काढनार न्हाई मी," ते तिला म्हणाले, "जूनमदी ये." मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या पोरी वाईट न्हाईत. पन कधी येनार, कधी जानार, हे आधी आमाला इचारून ठरवा. मग आना कागद." यात अवास्तव असं काहीच नव्हतं. शिक्षक घडवायला निघालेल्या विद्यापीठाला एक शिक्षक याहून काय वेगळं सांगणार?

खिडकीची जागा मिळाल्यावर गंगू खुलली. एसटी सुटली आणि तिनं वाचायला सुरुवात केली. आपण होऊन. म हि लां सा ठी. राखीव. गाडीत कुठं काय लिहिलंय ते संपल्यावर बाहेरच्या पाट्या. झरी. चहा, वडापाव. बोरी. पंक्चर काढून मिळेल म्हणताना पंक्चरवर अडकली, तर मीच म्हणाले, सोडून दे ते. "जोडाक्षरं ऱ्हायली," ती म्हणाली, "बाई म्हनली व्हती, संक्रांतीनंतर घिऊ." जिंतूर येईपर्यंत तिनं त्याखेरीज एकही पाटी सोडली नाही. पुढच्या बाकावरचे एक आजोबा वळून म्हणाले, "लय हुशार हाय नात तुमची. कोनत्या शाळंत हाय?" गंगूनं माझ्याकडे बघितलं आणि शाळेचं नाव सांगितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसू नयेत असं मला वाटत होतं.

येलदरीत उतरल्यावर चालताना तिनं माझं बोट धरलं. "म्याडम, बाईला सांगू नका बरं का. मी शाळा सोडली म्हनून."

"का गं?"

"रडंल ती."

वावराच्या बांधावर सुमन उभी होती. गंगू बोट सोडून पळाली. आईला बिलगली, मग लगेच कोकरांत घुसली. मागं वळून बघितलं नाही. आनंदात होती ती. दुःख सगळं माझ्याकडे राहिलं, आणि ते बरोबरच होतं.

परतल्यावर

सही नाहीच झाली. सरांची अट मी विभागात मांडली. एका शाळेसाठी विद्यापीठाचं वेळापत्रक हलत नाही, असं उत्तर मिळालं. मी भांडले. या वेळी मला कचोरी आठवत नाही. शेवटी त्या शाळेऐवजी दुसरी, स्टेशनला जवळची शाळा बघावी असं ठरलं.

पुढच्या आठवड्यात आंतरवासितेच्या तोंडी परीक्षा होत्या. बाहेरचे परीक्षक आले होते, मी त्यांच्या शेजारी. अश्विनी आली, साडीच्या निऱ्या सावरत बसली. शाळेत नेमकं काय साधलं असं तुम्हाला वाटतं, असं परीक्षकांनी विचारलं. तिनं गंगूचं सांगितलं. वस्तीवर जाऊन आईबापांना कसं पटवलं, मुलगी मागं कशी राहिली, अक्षरं कशी जुळायला लागली. परीक्षक भले गृहस्थ होते, चष्मा काढून ऐकत होते.

"मग ती मुलगी आता कशी आहे?" त्यांनी विचारलं.

अश्विनीनं माझ्याकडे बघितलं. "मॅडम भेटून आल्यात तिला."

"छान वाचते," मी म्हणाले. "एसटीत माझ्या शेजारी बसून सगळ्या पाट्या वाचत होती."

परीक्षकांनी समाधानानं मान डोलावली आणि अश्विनीला भरभरून गुण दिले. ती एसटीतून कुठं चालली होती, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.